मागच्या बाजूची हवा

यशोधनने इमारतीचं मॉडेल जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तशी आईने कोशिंबिरीचं भांडं घाईघाईने बाजूला ओढलं. दर रविवारी तो वरळीहून दादरला आईकडे जेवायला यायचा आणि बरेचदा दाखवायला काहीतरी घेऊन यायचा. पण आजची गोष्ट वेगळी होती. परळला एका जुन्या गोदामाच्या जागेवर चौदा मजल्यांची ऑफिसची इमारत होणार होती आणि तिचा आर्किटेक्ट तो होता. एवढं मोठं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं.

"कसं आहे?" त्याने विचारलं. विचारलं सगळ्यांना, पण पाहिलं सुरुचीकडे.

सुरुची त्याची धाकटी बहीण, आईजवळच राहायची. इमारतींच्या वातानुकूलनाची आखणी करणं हा तिचा व्यवसाय. दादर स्टेशनजवळ तिचं चार माणसांचं छोटंसं ऑफिस होतं. आईच्या मैत्रिणी तिला "एसीवाली" म्हणायच्या आणि तिनेही ते नाव कधीच मान्य करून टाकलं होतं.

तिने मॉडेल फिरवून पाहिलं. देखणं होतं, यात वादच नव्हता. पश्चिमेची अख्खी बाजू काचेची. वर गच्चीवर स्पंजची चिमुकली झाडं, टेबलं, खुर्च्या.

"गच्चीवर काय आहे हे?"

"रेस्टॉरंट. समुद्र दिसतो तिथून."

"आणि माझं सामान कुठे आहे?"

"कुठलं सामान?"

"दादा, या काचेच्या पेटीत लोक बसणार ना? त्यांना गार कोण करणार? ती यंत्रं कुठे ठेवू? पाइप कुठून नेऊ?"

यशोधन हसला. "अगं, काम तुलाच देणार आहे. डिझाइन एकदा पक्कं होऊ दे, मग बोलावतो. तू काढतेसच की शेवटी मार्ग."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. मार्ग काढते म्हणजे काय करते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. कुणाच्या तरी तयार तुळईला भोकं पाडायची, कुणाच्या स्टोअररूमवर हक्क सांगायचा, खोटं छत इतकं खाली आणायचं की उंच माणसाने वाकून चालावं. आणि एवढं करूनही मे महिन्यात लोक गरम होतंय म्हणून तिलाच फोन करणार. गेली दहा-बारा वर्षं हेच चाललं होतं.

"पक्कं झाल्यावर नको. आत्ता," ती म्हणाली. "बुधवारी मालकाबरोबर मीटिंग आहे ना तुझी? मी येते."

"सुरू, आधी त्यांना चित्र आवडू दे ना."

"जेवण निवतंय," आई म्हणाली. आयुष्यभर विमा कंपनीत कारकुनी केलेल्या आईला कुठलं भांडण कुठे तोडावं हे नेमकं कळायचं. पण मॉडेल उचलताना यशोधन म्हणालाच, "बरं, ये. पण तिथे बोलू नकोस."

सोमवारी सुरुचीने बाकीची कामं बाजूला सारली आणि एका मजल्याचा उभा छेद कागदावर काढून पाहिला. तुळई, तिच्याखाली हवेचा डक्ट, त्याखाली दिवे आणि आग विझवायचे पाइप. उरलेली उंची पाहून तिने पेन्सिल खाली ठेवली. उभ्या उभ्या हात वर केला तर छताला लागेल, अशी ऑफिसं होणार होती. मग तिने पश्चिमेच्या काचेचा हिशेब केला. दुपारी तीननंतर नुसत्या उन्हानेच एवढी उष्णता आत येणार होती की ती बाहेर काढायला यंत्रं दीडपट मोठी लागली असती. आणि ती ठेवायला जागा कुठेच नव्हती.

तिने यशोधनला फोन लावला. त्याने उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा लावला, तर मेसेज आला, "बुधवारनंतर बोलू." त्या दोन दिवसांत तिच्या ऑफिसातल्या मुली तिच्यापासून जरा लांबच राहिल्या. बसून काम करणं तिला जमेना. ती उठायची, खिडकीपाशी जायची, परत यायची, तोच कागद उलगडायची.

बुधवारी गिरगावात हितेंद्रभाईंच्या ऑफिसात मीटिंग होती. पन्नाशीचा, सडपातळ, भरभर बोलणारा माणूस. घराण्याच्या तीन पिढ्या मुंबईत गेल्यामुळे त्याचं मराठी अस्खलित होतं, फक्त घाईत असला की हिंदीवर घसरायचं. यशोधनने मॉडेल मांडलं, समुद्राच्या दिशेला हात करत संध्याकाळच्या उजेडाबद्दल बोलला. छान बोलला. हितेंद्रभाई मान डोलावत होते.

मग एकदम त्यांनी सुरुचीकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही एसीच्या ना? माझ्या आधीच्या बिल्डिंगमध्ये भाडेकरू टेबल फॅन घेऊन बसलेत. रोज शिव्या खातो मी. म्हणून सीधा विचारतो. ही थंड होईल ना?"

सुरुचीने भावाकडे पाहिलं. तो मॉडेलमधलं एक स्पंजचं झाड बोटाने सरळ करत होता. हो म्हणणं सोपं होतं. "बघू, मार्ग काढू" म्हणणं त्याहून सोपं होतं. ती वाक्यं तिला तोंडपाठ होती.

"नाही," ती म्हणाली. "अशीच बांधली तर नाही होणार."

यशोधनचा हात झाडावरच थांबला.

मग तिने सगळं सांगितलं. उंची कमी पडतेय, मजल्यांची उंची वाढवली तर एक मजला जाईल. पाइपांसाठी वरपासून खालपर्यंत उभी मोकळी जागा हवी. काच कमी करायला हवी. आणि यंत्रांसाठी गच्ची.

"गच्चीचं नाव काढू नका," हितेंद्रभाई म्हणाले. "हॉटेलवाल्याला मी शब्द दिलाय. दुसरं काही?"

इथे सुरुचीला चेव आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कागद कोरा असताना तिचं ऐकत होतं. तिने पेन्सिल घेतली आणि इमारतीच्या मागच्या बाजूला प्रत्येक मजल्यावर एक अरुंद सज्जा काढला. "मोठं प्लँट नको. त्या त्या मजल्याची बाहेरची यंत्रं त्याच मजल्याच्या मागे, या सज्ज्यावर ठेवू. पुढून काही दिसणार नाही. गच्ची तुमची तुम्हाला. काचही मग थोडीच कमी केली तरी चालेल."

हितेंद्रभाईंचा चेहरा खुलला. मजला जाणार म्हणून ते कुरकुरले, पण कुरकुरतच कबूल झाले. "व्वा! यशोधनजी, मॅडमना आधीच का नाही आणलंत?"

ते वाक्य यशोधनला कुठे लागलं, हे सुरुचीला त्याच्या मानेवरूनच कळलं. जिना तो तिच्यापुढे भराभर उतरला. फुटपाथवर आल्यावर मात्र वळला.

"क्लायंटसमोर, सुरू? घरी नसतं सांगता आलं?"

"फोन उचललास तू? दोनदा केला मी."

"माझं वर्षभराचं काम आहे ते."

"आणि नंतर पंचवीस वर्षं लोक आत उकडून निघाले असते, त्याचं काय? तुम्ही आर्किटेक्ट लोक आम्हाला शेवटी बोलावता आणि..."

"हो, आम्ही शेवटी बोलावतो. आम्हाला कुणाचीच पर्वा नसते." टॅक्सीला हात करून तो थांबला. "तुझा तो सज्जा ज्या बाजूला आहे ना, तिथे काय आहे माहितीये तुला?"

"प्लॉटची भिंत."

"आणि भिंतीपलीकडे?"

ती काही बोलायच्या आत तो टॅक्सीत बसला होता.

घरी आली तर आईला सगळं आधीच कळलेलं. "येत्या रविवारी येणार नाही म्हणालाय," आईने सांगितलं. सुरुची हॉलमध्ये येरझारा घालू लागली. आज ती जिंकली होती. मालकाने तिचं ऐकलं होतं, तिच्या पेन्सिलीची रेघ इमारतीत उतरणार होती. मग स्वस्थ का बसवत नाहीये? भिंतीपलीकडे जे असेल ते असू दे, तो प्लॉट आपला नाही, असं तिने स्वतःला दोनतीनदा बजावलं.

"बस की गं जरा," आई म्हणाली. "तुझ्या चालण्याने मला चक्कर यायला लागली."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परळला गेली. गोदाम पाडून झालं होतं. उन्हात नुसता राडारोडा पडलेला. मागच्या भिंतीपाशी जाऊन तिने वर पाहिलं. भिंतीला जवळजवळ चिकटूनच एक तीन मजली चाळ उभी होती. लांबच लांब गॅलरी, वाळत घातलेले कपडे, तुळशीचे डबे. गॅलरीत एक म्हातारी बसून तांदूळ निवडत होती. सुरुचीने काढलेला सज्जा आणि ती म्हातारी यांच्यामध्ये, फार तर, एक टेम्पो जाईल एवढंच अंतर राहणार होतं.

ती वळसा घालून चाळीत शिरली आणि जिना चढून गॅलरीत आली.

"कोण गो तू? खयसून इलंस?" म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. गंगुबाई तिचं नाव. नवऱ्याने लालबागच्या गिरणीत हयात घालवलेली. आता ती सून आणि मुलाबरोबर राहत होती.

"मी इंजिनिअर आहे, आजी. समोर बिल्डिंग होणार आहे ना, तिचं काम बघते."

"हय बस मगे." तिने पाट पुढे सरकवला. "शेड पाडल्यापासून वारो येता बरो. आता तुमी बांधतलात, मगे वारो बंद."

आतून एक तिशीची बाई बाहेर आली. डोळे तारवटलेले, केस विस्कटलेले. ही सून, सीमा. जवळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती आणि रात्रपाळी करून आली होती. "बिल्डिंगवाल्या का?" ती म्हणाली. "या, तुम्हाला एक गंमत दाखवते."

ती सुरुचीला गॅलरीतून चाळीच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. तिथे वळताच सुरुचीच्या तोंडावर हवेचा झोत आला. भट्टीचं दार उघडल्यासारखा. त्या बाजूला चारपाच वर्षांपूर्वी एक ऑफिसची इमारत झाली होती आणि तिच्या मागच्या भिंतीवर बाहेरच्या यंत्रांच्या रांगा घरघरत होत्या. सगळ्यांची तोंडं चाळीकडे. या बाजूच्या खोल्यांच्या खिडक्या बंद होत्या, फटींत पुठ्ठे कोंबलेले. एका दारावर ओलं गोणपाट टांगलेलं होतं.

"सकाळी नऊ ते रात्री आठ," सीमा म्हणाली. "या खोल्यांत दिवसा कुणी थांबत नाही. आमचं टोक वाचलं म्हणून मला दुपारी झोप तरी मिळते. तुमची मशिनं कुठे लागणार?"

सुरुचीला घाम फुटला होता, पण तो केवळ त्या झोतामुळे नव्हे. "अजून ठरलं नाही," ती म्हणाली. हे खोटं होतं. ठरलं होतं, आणि तिनेच ठरवलं होतं.

तिथून तिने सरळ वरळीची टॅक्सी पकडली. यशोधन त्याच्या ऑफिसात एकटाच होता. मॉडेल खिडकीत पडलं होतं, गच्चीवरची काही झाडं निघाली होती.

"मागे चाळ आहे," ती दारातूनच म्हणाली.

"माहितीये मला. प्लॉट बघायला गेलो तेव्हाच पाहिली."

"मग काल का नाही बोललास? मी ते सज्जे काढत होते तेव्हा?"

यशोधनने खुर्ची मागे सरकवली. "राग आला होता," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? हितेंद्रभाई खूश झाले. गच्ची वाचली, काच बरीचशी वाचली. मला वाटलं, आता कशाला तोंड उघडा."

सुरुची खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्याच्यावर ओरडायचं असं ठरवूनच ती आली होती, पण ओरडायला जागा उरली नव्हती. कोऱ्या कागदावर पहिली रेघ मारायची संधी मिळाली आणि तिने ती डोळे मिटून मारली होती.

"दादा, आपल्याला ते परत काढावं लागेल. पहिल्यापासून."

"मालक कबूल झालाय, सुरू."

"मी गेले होते तिथे. त्या चाळीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन ये तू. पाच मिनिटं उभा राहून दाखव."

तो गेला नाही. पण त्याने टेबलावरचे सगळे कागद गोळा करून कपाटात टाकले आणि नवा कागद पसरला. "बोल. तुला काय काय हवंय ते आधी सांग. मी मग भिंती काढतो."

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दोघं भांडत बसले, पण ते भांडण वेगळं होतं. यंत्रं तळघरात न्यायची. पाण्यात उतरलेली उष्णता बाहेर सोडणारे कूलिंग टॉवर गच्चीवर, चाळीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, म्हणजे वाफ आणि गरम हवा वरच्या वर निघून जाईल. त्यांना लागणारं पाणी इमारतीचंच सांडपाणी शुद्ध करून वापरायचं. प्रत्येक मजल्यावर गार हवा ढकलणाऱ्या यंत्राची एक मोठी खोली करण्यापेक्षा दोन टोकांना दोन लहान करायच्या, म्हणजे डक्ट सडपातळ होतील आणि उंची वाचेल. हे शेवटचं यशोधनला सुचलं. "तू म्हणतेस तसा मोठा डक्ट कशाला? दोन्हीकडून निम्मा निम्मा आण ना," तो म्हणाला आणि सुरुची त्याच्याकडे बघतच राहिली. काचेवरून मात्र तो अडून बसला. शेवटी त्याने खिडक्या भिंतीत हातभर आत ढकलल्या, वर ऊन अडवणारे दगडी छज्जे काढले आणि काही वेळ लांबून बघून म्हणाला, "वाईट नाही दिसत." त्याच्या बोलण्यात अजून थोडी खंत होतीच.

हितेंद्रभाईंसमोर या वेळी आधी यशोधन बोलला. अर्धी गच्ची जाणार, हे ऐकताच त्यांनी हातातलं पेन टेबलावर आपटलं.

"मागच्या वेळी सगळं ठरलं होतं. मॅडम, तुम्हीच काढलं होतं ना?"

"हो. चुकीचं काढलं होतं," सुरुची म्हणाली. "अरुंद जागेत एकावर एक यंत्रं लावली की खालच्याने टाकलेली गरम हवा वरचं यंत्र ओढून घेतं. ऐन मे महिन्यात बंद पडतील. आणि ती हवा थेट मागच्या चाळीत जाईल. तिथे माणसं राहतात."

"चाळवाले माझे भाडेकरू आहेत का?"

"नाहीत."

"मग खरं कारण कुठलं? यंत्रं की चाळ?"

यशोधनने तिच्याकडे पाहिलं. यंत्रं म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं.

"दोन्ही खरी आहेत," ती म्हणाली. "पण मी परत आले ती चाळीसाठी."

हितेंद्रभाईंनी पेन खिशात टाकलं. मग घड्याळ बघून उठले. "सोचता हूँ," एवढंच म्हणाले.

त्यानंतर सगळं थंडावलं. फोन नाही, मेसेज नाही. यशोधनच्या कानावर आलं की त्यांनी दुसऱ्या एका आर्किटेक्टला बोलावलंय. रविवारी तो आईकडे जेवायला आला, पण जेवणात दोघांचंही लक्ष नव्हतं. फोन वाजला की दोघं एकदम हात पुढे करायचे.

"तुझं काम गेलं तर माझ्यामुळे जाईल," सुरुची म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही. कागदावर सही माझी आहे," यशोधन म्हणाला आणि वरण वाढून घेतलं. आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तुपाची वाटी पुढे सरकवली.

फोन आला तो एका मंगळवारी, सुरुचीला. हितेंद्रभाईंना नेहमीसारखी घाई होती. "दुसऱ्या आर्किटेक्टने सज्जेच काढले. मी विचारलं, मे महिन्यात काय होणार? तो म्हणाला, बघू, मार्ग काढू. आधीच्या बिल्डिंगच्या आर्किटेक्टनेही मला हेच सांगितलं होतं." मग म्हणाले, "टॉवर वर घ्या. हॉटेलवाला गेला, दुसरा बघतो, छोटा. पण वरचे दोन मजले मला काचेचेच पाहिजेत. तिथे नाही ऐकणार."

"तिथे पडदे आणि जास्तीची यंत्रं लागतील."

"लावा. पण आत्ता सांगा काय ते. नंतर नको."

संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर ती परळला चाळीत गेली. हे सांगायला जायची काही गरज नव्हती, तरी गेली. गंगुबाई गॅलरीतच होती. सीमा ड्यूटीवर जायला निघाली होती, केसांना पिना लावत उभी.

"मशीन तुमच्या बाजूला नाही लागणार," सुरुची म्हणाली. "तळघरात आणि गच्चीवर. गरम हवा वरून जाईल."

सीमाने पिन दातांत धरून तिच्याकडे पाहिलं. "लिहून देणार?"

"नकाशात आहे तसं."

"नकाशात त्या पलीकडच्या बिल्डिंगलाही झाडं होती," सीमा म्हणाली आणि पर्स खांद्याला लावून जिना उतरली.

गंगुबाई हसली. "तिचा मनावर घेव नको. पण वारो तर जाताच ना गो?"

"वारा जाईल, आजी," सुरुची म्हणाली. चौदा असोत की तेरा, एवढे मजले समोर उभे राहिल्यावर वारा येणार नव्हता आणि तो आणून देणारं कुठलंही यंत्र तिच्याकडे नव्हतं.

"मगे बांधून झाल्यार बघुया," म्हातारी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

सुरुची कठड्याला टेकून उभी राहिली. खाली प्लॉटवर दोन माणसं दोरी धरून खुणेचे खुंट ठोकत होती. तिला तिथून हलावंसं वाटेना आणि थांबवतही नव्हतं. तेवढ्यात यशोधनचा फोन आला. खांब-तुळयांचं गणित बघणारा स्ट्रक्चरवाला हेरंब तुळई नेमकी पाइपांच्या उभ्या जागेतून न्यायची म्हणतोय, असं तो सांगत होता.

"थांबव त्याला," ती म्हणाली. "मी येतेय."

आतून गंगुबाईने साखर किती म्हणून विचारलं, तेव्हा तिचा एक पाय जिन्यात होता. ती परत वळली, उभ्याउभ्याच चहा घेतला, तोंड भाजून घेतलं आणि मग वरळीला निघाली.